रिकामी पाकिटं

गोळ्यांची रिकामी पाकिटं परत आणायची, ती दाखवायची, मगच पुढच्या महिन्याच्या गोळ्या मिळतील, हा नियम आमच्या दवाखान्यात मी लावला. त्याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं वीस खाटांचं धर्मादाय रुग्णालय आहे आणि तिथे मी पंधरा-सोळा वर्षं फिजिशियन म्हणून काम करते. मंगळवारची ओपीडी फक्त हृदयाच्या पेशंटांची. "गोळ्या घेता का?" असं विचारलं की समोरचा माणूस "घेतो" म्हणतो. डॉक्टरला तोंडावर "नाही" म्हणणं इकडच्या लोकांना जड जातं, त्यांना तो उर्मटपणा वाटतो. म्हणून मी त्यांच्या शब्दावर विसंबणं सोडलं आणि पाकिटांवर विसंबायला लागले. पाकीट खोटं बोलत नाही, असं मी नव्या सिस्टरना ऐटीत सांगायचे.

माझा स्वभाव तापट आहे. एकदा साखरशेतचा एक म्हातारा पाकिटं घरी विसरून आला, तर मी त्याला घरी परत पाठवला. बिचारा गेला, आणि दुपारी ओपीडी संपता संपता पाकिटं घेऊन पुन्हा दारात उभा राहिला. सिस्टर माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही. मला वाईट वाटलं होतं. पण पुढच्या मंगळवारी रांगेतल्या एकूणएक माणसाच्या हातात रिकामी पाकिटं होती, तेव्हा ते वाईट वाटणं कुठल्या कुठे गेलं.

ती बाई पहिल्यांदा आली ती आवणी संपता संपता. भाताची लावणी, तिला इकडे आवणी म्हणतात. खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर तिचं घर होतं. वय पंचविसाच्या आसपास, अंगाने बारीक, पण पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. सोबत नवरा होता आणि त्याच्या कडेवर चार वर्षांची मुलगी. काय होतं विचारलं तर म्हणाली, "चढ चढवत नाय." मी विचारलं, रात्री झोप लागते का? ती नवऱ्याकडे बघून हसली. नवरा म्हणाला, "बसून निजते. कुडाला टेकून."

तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मला दुसरी कसली तपासणी करायची गरज राहिली नाही. शेजारच्या घरात कुणी जातं ओढावं तशी एक खोल घरघर ठोक्याठोक्याला ऐकू येत होती. ठोकेही एका तालात नव्हते. लहानपणी कधी सांधे सुजले होते का, विचारलं. आश्रमशाळेत असताना दोन्ही गुडघे सुजले होते, ताप आला होता, महिनाभर घरी होती, मग आपोआप बरी झाली. आपोआप बरं झालेलं ते दुखणं पुढची पंधरा वर्षं तिच्या हृदयाची एक झडप चिकटवत राहिलं होतं. गुडघ्यांवरून येतं आणि हृदयात मुक्काम करतं, असं हे दुखणं. या डोंगरात ते पावलोपावली सापडतं आणि सापडतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

महिन्यातून एकदा नाशिकहून एक हृदयरोगतज्ज्ञ आमच्याकडे इको करायला येतात. त्यांनी पडद्यावर मला झडपेचं तोंड दाखवलं. दोन बोटं जायला हवीत तिथे जेमतेम पेन्सिल जाईल एवढी फट उरली होती. पण झडप मऊ होती, तिच्यावर चुना साठला नव्हता. मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येईल, छाती फाडायला लागणार नाही, असं ते म्हणाले. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात हे सरकारी योजनेतून फुकट होतं. तिथली यादी लांब होती. तिला पुढच्या फेब्रुवारीतली तारीख मिळाली. त्यांची अट एकच. बाईच्या अंगावरचं पाणी उतरलेलं हवं आणि टेबलावर तिला तासभर सपाट निजता आलं पाहिजे. तसं नसेल तर तारीख दुसऱ्या कुणाला जाणार.

म्हणजे फेब्रुवारीपर्यंत तिला कोरडी करायची, एवढं माझं काम. मी तिला तीन गोळ्या दिल्या. एक ठोके आवरणारी, एक रक्त पातळ ठेवणारी, आणि एक पाण्याची, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी. शिवाय दर एकवीस दिवसांनी एक सुई, ते जुनं दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून. पाण्याची गोळी सकाळी उठल्या उठल्या घ्यायची, म्हणजे रात्री उठावं लागत नाही, असं मी तिला नीट समजावलं. मीठ बंद. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती आणि मुलगी माझ्या टेबलावरचा रक्तदाबाचा पट्टा चिकटवत होती, काढत होती.

महिन्याने ती आली. पाय तसेच. पाकिटं दाखवा म्हटलं, तर तिने पदराची गाठ सोडून तिन्ही पाकिटं माझ्यापुढे ओळीने मांडली. एकही गोळी शिल्लक नव्हती. मी मिठाची चौकशी केली. भाजीत मीठ घालत नाही म्हणाली. मग जेवते कशाशी? भाकरी आणि सुकट, म्हणजे सुकवलेली मासळी. "अगं, सुकट म्हणजे मिठातच की सगळी," मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "पण मीठ तं मी नाय टाकलं." सिस्टर हसली, मीही हसले. सुकट बंद केली आणि पाण्याची गोळी एकाची दोन केली.

पुढच्या महिन्यात वजन आणखी वाढलेलं. मानेच्या शिरा टरारलेल्या. पाकिटं रिकामी. दोनाच्या तीन गोळ्या केल्या. दिवाळीनंतर तिचा नवरा एकटाच आला, ती दोन दिवस जागची हलू शकत नाही म्हणून सांगायला. मला त्याचा राग आला. ओपीडीत तीस माणसं बसलेली असताना मी त्याला फाडफाड बोलले. काहीतरी चुकतंय तुमच्याकडून, एवढ्या औषधाने म्हशीचं पाणी उतरलं असतं. सुकट चालू असेल नाहीतर गोळ्या बुडवत असाल. गोळ्या खाल्ल्या नाहीत तर ती मरेल, आणि त्याआधी मीच यादीतून तिचं नाव काढेन. तारखेसाठी रांगेत दुसऱ्या बायका आहेत. तो खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने खिशातून पाकिटं काढून दाखवली. सगळी रिकामी. मी चारावर गेले.

त्या वर्षी ते दोघं कामाला बाहेर गेले नाहीत. पाड्यावरची निम्मी घरं दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, नाहीतर नाशिककडे द्राक्षाच्या बागांत. हे मात्र तारखेसाठी थांबले आणि गावाजवळच रस्त्याच्या मातीकामावर जात होते. तिने कामाला जायचं नाही, असं मी बजावलं होतं. ती म्हणायची, "मी नुसती पाटी उचलून देते." पाटी उचलून देणं म्हणजे काम नव्हे, अशी तिची समजूत होती.

तारखेच्या आठ दिवस आधी मी तिला दाखल करून घेतलं. चार गोळ्यांनी जे हलत नाही ते इंजेक्शनाने हलवू, असा माझा हिशोब. शिरेतून, आणि मोठ्या मात्रेत. बाकीच्या गोळ्या तशाच चालू. सगळं आमच्या हातून, आमच्या डोळ्यांसमोर.

पहिल्याच दिवशी पाण्याला वाट फुटली. लघवी मोजायचा प्लास्टिकचा मग घेऊन आया दर अर्ध्या तासाला तिच्याकडे जात होती आणि सिस्टर कागदावर आकडे लिहीत होती. बाईला भयंकर लाज वाटली. "इतकं मोजून काय बाजारात विकणार का?" असं तिने आयाला विचारलं आणि वॉर्डभर हशा पिकला. संध्याकाळपर्यंत पाच लिटर. दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळजवळ तेवढंच. घोट्याची हाडं दिसायला लागली. मी फेरीला गेले तेव्हा ती उशी न घेता पाठीवर सपाट निजली होती आणि नवरा खाटेजवळ उभा राहून तिच्याकडे नुसता बघत होता. "आठ महिन्यात अशी निजली नव्हती," तो म्हणाला. मी इतकी खूश झाले की नाशिकच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, बाई तयार होतेय.

तिथेच मला थांबायला हवं होतं. ज्या बाईचं पाणी रोज चार गोळ्यांनी थेंबभर उतरत नव्हतं, तिचं इंजेक्शनावर दोन दिवसांत दहा लिटर कसं उतरतं? हे औषध रोज पचवणारं शरीर असं वागत नाही. पहिल्यांदाच औषध मिळालेलं शरीर असं वागतं. हे मला शिकवलेलं होतं, मी दुसऱ्यांना शिकवत होते. पण आनंदात माणूस शंका काढत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाली, "मॅडम, पायात गोळे येतात म्हणते. आणि जेवणावर वासना नाही." लघवीबरोबर अंगातलं पोटॅशियमही जातं. ते रक्तातलं एक मीठ, ठोक्यांचा ताल सांभाळणारं. ते कमी पडलं की ठोके आवरणारी तीच गोळी विषासारखी वागायला लागते. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी रक्त तपासायला काढून घेतलं. आमच्या मशीनचं रसायन त्या आठवड्यात संपलं होतं, नमुना नाशिकला जाणार होता आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. तोवर शहाळं द्या आणि केळी द्या, असं मी सांगितलं. पोटॅशियमचं औषध आमच्या कपाटात होतं. पण चार-चार गोळ्या महिनोन् महिने पचवलेली बाई दोन दिवसांत इतकी रिती होईल, असं मला वाटलंच नाही. एक दिवस निघेल, असं मी धरून चालले.

दुपारी जेवणाची वेळ होती. नवरा केळी आणायला खाली गेला होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने हाक मारली म्हणून सिस्टर गेली, तर बाईचे डोळे फिरलेले. मी धावत पोचले. मॉनिटरच्या पडद्यावर ठोके नव्हतेच, नुसती वेडीवाकडी रेघ थरथरत होती. आम्ही छाती दाबली, तीन वेळा शॉक दिला, शिरेतून जे द्यायचं ते सगळं दिलं. दोनदा ताल परत आला आणि दोनदा गेला. तासाभराने मी हात थांबवले. नवरा दारात केळी घेऊन उभा होता. त्याला कुणी आत येऊ नको म्हटलं नव्हतं आणि ये असंही म्हटलं नव्हतं.

मी त्याला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. तो रडला नाही. "तारीख पाच दिवसांवर होती," एवढंच म्हणाला. मग त्याने विचारलं, तिला न्यायला जीप सांगू का? मृत्यूच्या दाखल्यावर मी झडपेचा आजार, हृदय निकामी, असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पोटॅशियम इतकं खाली गेलेलं की रिपोर्टवरचं नाव मी पुन्हा तपासलं. तरीही मला उलगडा होईना. मी तिचा केसपेपर काढून चारदा वाचला. आजारच हाताबाहेरचा होता, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कागद फायलीत लावला.

दहाव्याचं सगळं उरकल्यावर एका मंगळवारी तो आला. पेशंटांच्या रांगेतच बसला होता, नंबर लागला तेव्हा आत आला. त्याने टेबलावर दुकानातली एक प्लास्टिकची पिशवी ठेवली, तोंड सुतळीने बांधलेलं. मी सुतळी सोडली. आत गोळ्या होत्या. सुट्या, पांढऱ्या, लहान. काही ओलीने एकमेकींना चिकटलेल्या, काही पिवळट पडलेल्या. सगळ्या पाण्याच्या गोळ्या. बाकीच्या दोन प्रकारातली एकही नव्हती.

"तुमच्या हायत," तो म्हणाला. "औषध टाकवत नाय. कोनाला तरी लागतील म्हणून आणल्या."

मी विचारलं, हे काय आहे? त्याने सांगितलं, ते मी इथे माझ्या भाषेत लिहिते. पहिल्या आठवड्यात तिने गोळी घेतली होती. आवणीचे शेवटचे दिवस होते. शेतात दहा-बारा माणसं एका रांगेत, गुडघाभर चिखलात. गोळी घेतली की तासातासाला, अर्ध्या तासाला जावं लागायचं. मोकळं शेत, आडोसा नाही, जावं तर बांधापलीकडे लांब. दोनदा गेली, तिसऱ्यांदा शेतमालक सगळ्यांपुढे काहीतरी बोलला आणि माणसं हसली. दुसऱ्या दिवसापासून तिने ती गोळी घेतली नाही. पुढे मातीकामावर तर रस्ताच, तिथे आडोसा कुठला? बाकीच्या दोन मात्र न चुकता घ्यायची, कारण त्यांनी काही होत नव्हतं. पण रिकामं पाकीट दाखवल्याशिवाय दुसऱ्या गोळ्याही मिळणार नाहीत, सुई मिळणार नाही, आणि नाव कापलं जाईल. म्हणून ती महिन्याच्या शेवटी बसून एकेक गोळी पाकिटातून काढायची आणि पिशवीत टाकायची.

मी बाई आहे. आठवड्यातून एक दिवस मी खोडाळ्याला तपासणीसाठी जाते आणि त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, चहासुद्धा नाही, कारण तिथे बायकांना जायला जागा नाही. इतकी वर्षं हे मी करत आले आहे. आणि तिला मी सांगत होते, सकाळी उठल्या उठल्या घ्यायची. तिने ती घेऊन दिवसभर कुठे जायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. मी तिला सुकटीबद्दल विचारलं, चढाबद्दल, झोपेबद्दल. हे विचारलं नाही. 

त्याचं बोलणं संपलं नव्हतं. दवाखान्यात यायला म्हणून कपड्यांचं गाठोडं बांधताना त्याला ही पिशवी सापडली होती. "मी तिला मारली," तो म्हणाला. "पोरीच्या देखत. तुझ्यासाठी घर सोडून कुठं गेलो नाय, आन् तू असं करतेस, बोललो. मंग मीच तिला सांगलं, डॉक्टर बाईला बोलू नको. तारीख जाईल."  मग त्याने जे विचारायला तो आला होता ते विचारलं. "तुमी बोललेल्या, गोळ्या नाय खाल्ल्या तं मरंल. तसंच झालं ना?"

उत्तर माझ्यापुढे स्वच्छ होतं. गोळ्या न खाल्ल्यामुळे ती सुजली होती, दमली होती, पण चालत माझ्याकडे आली होती. मारलं ते आमच्या इंजेक्शनांनी. तिच्या अंगाला ज्याची सवय आहे असं मी कागदावर वाचलं, त्याच्या दुप्पट मी तिच्यात एकदम ओतलं, आणि धोक्याची खूण दिसली तेव्हा ती आनंदाची खूण समजले. दारात पंचवीस माणसं होती. सिस्टर पुढचा केसपेपर घेऊन उभी होती. मी म्हणाले, "आजार फार मोठा होता हो." त्याने ते ऐकलं आणि मान डोलवली, म्हणजे मी "होय" म्हणाले आहे असं समजून. मी त्याला थांबवलं नाही. भेकडपणा याला म्हणतात, दुसरा शब्द नाही.

नियम मी त्याच महिन्यात काढून टाकला. आता पाण्याची गोळी लिहिण्याआधी बाईला विचारते, दिवसभर कुठे असता, जायला जागा आहे का. कामाच्या दिवशी घरी परतल्यावर घ्यायला सांगते, बाजाराच्या दिवशी नाही घेतली तरी चालेल म्हणते. बऱ्याच जणी मग खरं बोलतात. सिस्टरना सगळं सांगितलं, नाशिकच्या डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "असं कुणाकडूनही होऊ शकतं." सगळ्यांना सांगून झालं, फक्त ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सोडून. दर मंगळवारी मी ठरवायचे आणि दर मंगळवारी ओपीडी फार असायची.

वर्ष होत आलं तेव्हा त्या भागातली आशाताई काही कामाने दवाखान्यात आली. ती मोठ्या उत्साहाने सांगत होती, मॅडम, त्या पाड्यावर आता कुणी गोळ्या बुडवत नाही, टीबीच्या नाही की तापाच्या नाही. त्या बाईचं उदाहरण देतात ना सगळे. तिची सासू तर नातीला औषध पाजताना दम देते, आईसारखी खोटं बोलशील तर आईसारखी मरशील. पोरगी मुकाट तोंड उघडते. आशाताईला वाटलं मी खूश होईन.

त्याच आठवड्यात मी गेले. खोडाळ्यापुढे जीप रस्त्यावर सोडली आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कापलेल्या शेतांमधून चालत वर पाड्यावर पोचले. तिच्या घरापुढच्या अंगणात सासू नागलीची कणसं काठीने झोडत होती. नवरा कुडाच्या भिंतीला खांदा लावून उभा राहिला. मुलगी उंच झाली होती. सासूने मला पाणी दिलं, मी ते प्याले, आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा राहून गेलं असतं.

मी सगळं सांगितलं. तिने गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून ती गेली नाही. मी जास्त औषध दिलं म्हणून गेली. मी नीट विचारलं असतं तर ती आज असती, फुगा घालून झडप उघडलेली. तुम्ही त्या दिवशी विचारलं तेव्हा मला हे माहीत होतं आणि मी बोलले नाही.   नवरा म्हणाला, "मंग मी तिला उगीच मारली." आणि तो घरामागे निघून गेला.

सासूने काठी खाली ठेवली. तिने मला शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. इकडची म्हातारी माणसं कुणालाही अहो-जाहो करत नाहीत. "मना काय सांगतेस," ती म्हणाली. "मी म्हातारी, मी आज हाय, उद्या नाय. हिला सांग. हिला समदी बोलतात, तुझी आईस खोटारडी." आणि तिने मुलीला दंडाला धरून माझ्यापुढे उभी केली.

पाच वर्षांच्या मुलीला पोटॅशियम कसं सांगायचं? मी खाली बसले, तिच्या उंचीएवढी झाले. म्हणाले, तुझी आई खोटारडी नव्हती. तिला लाज वाटत होती म्हणून ती बोलली नाही. तिचं काही चुकलं नाही. औषध देताना माझं चुकलं, आणि त्याने ती गेली. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. हाताला नागलीचा भुसा लागला होता, तो ती फ्रॉकला पुसत होती. तिला किती कळलं कोण जाणे. मग तिने विचारलं,

"मंग तुला कोनी मारलं?"

"कोणी नाही," मी म्हणाले.